मांड्याचा डोळा

एकदा काय झालं, बरं का... नाही, आधी सगळे आडवे व्हा पाहू. गोष्ट कानांनी ऐकायची असते, पायांनी नाही. तेव्हा मनू, बहिणीला लाथा मारणं बंद कर. आणि पांघरूण सगळ्यांना पुरेल, ओढाओढ नको. हां, आता ऐका.

तर एक होतं नगर. नगराला राजा होता, वेस होती, बाजार होता. आता हे सगळं सगळ्याच नगरांत असतं. पण या नगरात आणखी एक बाई होती. तिचं नाव वाहवाबाई.

ही वाहवाबाई कुठली, कुणाची, कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगावर भरजरी शालू, पायांत घुंगरांचे वाळे. चालली की छुमछुम आवाज यायचा, पण ओल्या मातीतून गेली तरी मागं पाऊल म्हणून उमटायचं नाही. तिला स्वतःचं घर नव्हतं. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. ज्याच्या घरी ती उतरली त्याच्या दारात माणसांची ही रीघ लागायची. कणगी धान्यानं भरायची, राजाकडून पालखी यायची. म्हणून लोक नवस बोलायचे, देवा, वाहवाबाई आमच्या घरी येऊ दे. आणि ती आली की रोज सकाळी आळस द्यायची नि एकच विचारायची, "आज नवीन काय?" काही नवीन असलं तर राहायची. नसलं तर निरोपसुद्धा न घेता चालू पडायची. अशी ती.

त्याच नगराच्या वेशीबाहेर एक झोपडी होती. झोपडीसमोर एक कडुनिंब. त्या झोपडीत एक माय नि तिची लेक राहायच्या. लेकीचं नाव सुपडी. हसू नका! ती जन्मली तेव्हा जगते की नाही अशी होती. मग मायनं तिला सुपात निजवलं, देवाला दाखवलं नि म्हणाली, हिचं नाव सुपडी, आता ही जगणार. आणि जगली की! चांगली खणखणीत जगली. एकदा पदर खोचला की सुपडी कुणाच्या बापाला ऐकायची नाही.

मायला मांडे करायला यायचे. मांडा माहीत आहे ना? पुरणपोळीचीच थोरली बहीण म्हणा. कणीक भरपूर पाणी लावून लावून तिंबायची, आपटायची. मग पुरणाचा उंडा भरून दोन्ही हातांवर झेलत झेलत फिरवायचा. मांडा मोठा होतो, आणखी मोठा होतो, पार कोपरापर्यंत येतो. मग चुलीवर मोठं मडकं पालथं घातलेलं असतं, त्याला म्हणायचं खापर. त्या खापरावर तो अलगद टाकायचा. त्या मुलखात सगळ्याच बाया मांडे करायच्या. पण माय एक वेगळी गोष्ट करायची. मांडा खापरावर पडला की अंगठ्यानं मधोमध एक लहानसं भोक पाडायची. त्याला ती म्हणायची मांड्याचा डोळा.

का पाडायची? त्याचं कारण होतं धुरपा. धुरपा म्हणजे सुपडीची थोरली बहीण. सुपडी अगदी लहान असताना जेवायला त्रास द्यायची. मग धुरपा काय करायची, मांडा तोंडासमोर धरायची, त्या डोळ्यातून एका डोळ्यानं बघायची नि म्हणायची, "दिसली का गं?" मग सुपडीनं म्हणायचं, "दिसली!" आणि तोंड उघडायचं. की घास आत. असा तो खेळ होता.

पण एका वर्षी नदीला पूर आला. असा पूर की सगळं गावच्या गाव उठलं. गवताची एक गंजी वाहत आली, तिच्यावर धुरपा चढली ती तशीच पाण्याबरोबर गेली. खाली दूर कुणीतरी तिला जिवंत पाहिलं होतं. मिठाचे बैल घेऊन जाणाऱ्या तांड्यानं तिला काढलं म्हणे. पण तांडा कुठं गेला ते कळलं नाही. आणि जुनं गाव राहिलंच नव्हतं, माणसं पांगली. माय सुपडीला घेऊन या नगराच्या वेशीशी येऊन राहिली. मग त्या पोरीनं परत यावं तरी कुठं, सांगा बघू?

तिकडे आखाजी हा मोठा सण. वैशाखाच्या उन्हात सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, मांडे खातात, आंब्याचा रस पितात. माय दर आखाजीला कडुनिंबाला झोका बांधायची. सुपडीला एका कडेला बसवायची. दुसरी कडा रिकामी ठेवायची. कुणी शेजारीण बसायला आली तर माय म्हणायची, "तिथं नको. ती जागा धरलेली आहे."

सुपडीला बहिणीचा चेहरा आठवत नव्हता. नाक कसं, हनुवटी कशी, काही नाही. आठवत होता तो एक डोळा, मांड्यातून बघणारा. पुढं ती मोठी झाली, मायचे हात थकले, नजर अधू झाली, मांडे आता सुपडीच करू लागली. आणि एका आखाजीला त्या रिकाम्या कडेकडे बघून तिनं पदर खोचला. म्हणाली, "माय, मी अक्काला आणणार."

"कशी आणशील? ती कुठं आहे ते आपल्याला ठाऊक नाही."

"पण मी कुठं आहे ते तिला कळलं तर? माझं नाव गावोगाव झालं तर? मग अक्काच येईल."

आता नाव गावोगाव कोण नेतं? बरोबर, वाहवाबाई.

त्या वेळी वाहवाबाई उतरली होती खंडू पहिलवानाकडे. हा खंडू म्हणजे रेडा खांद्यावर उचलायचा. सगळं नगर बघायला जायचं. पण रोज रोज रेडा काय बघायचा? एका सकाळी वाहवाबाईनं विचारलं, "आज नवीन काय?" खंडू म्हणाला, "रेडा आहे." ती जी उठली ती थेट बाहेर. बिचारा खंडू गळ्यात सुकलेला हार घालून दारात वाट बघत बसला. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तर छुमछुम करत ती वेशीकडे आली, नि सुपडी वाटेतच उभी राहिली. "बाई, माझ्या घरी चला."

वाहवाबाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुझ्याकडे काय आहे गं?"

"मांडे आहेत."

वाहवाबाईनं मांडा खाल्ला. बोटं चाटली. म्हणाली, "चव आहे. पण नवीन काय? मांडे सगळ्याच करतात. यातून चंद्र दिसेल असा पातळ कर, मग बघू."

दुसरी असती तर गप्प बसली असती. सुपडी नाही बसली. पहाटे उठायची, कणीक आपटायची. मांडा फाटला की पुन्हा. पुन्हा फाटला की पुन्हा. दंडांना कळ लागायची, हातांना चटके बसायचे. फाटके मांडे फुकट जाऊ नयेत म्हणून ती ते दारावरून जाणाऱ्या खंडू पहिलवानाला द्यायची. रेडा विकून तो आता लोकांकडे पाणी भरत होता. असे दिवसामागून दिवस गेले नि मग एकदा मांडा असा उतरला की त्यातून चुलीतला जाळ दिसू लागला. सुपडीनं वाहवाबाईला हाक मारली.

वाहवाबाई आली. मांडा उजेडात धरला. मान हलवली. "ठीक आहे. आता हे मधलं भोक बुजव."

"हे भोक नाही बाई. हा डोळा आहे."

"डोळा असो की काही असो. त्यातून वारा जातो. बुजव, मग गंमत बघ."

माय आतून म्हणाली, "पोरी, डोळा बुजवू नकोस. तीच तर आपली खूण आहे."

सुपडी घुटमळली. पण मग म्हणाली, "माय, आधी माझं नाव तर पोचू दे. अक्का आली की पुन्हा पाडू." आणि पुढचा मांडा तिनं डोळ्याशिवाय टाकला.

मग वाहवाबाईनं एक फुंकर मारली. आणि काय सांगू तुम्हाला! खापरावरून मांडा उठला. हळूच वर गेला, धुराबरोबर झोपडीबाहेर पडला नि नगरावरून तरंगत निघाला. खाली पोरं धावताहेत, बाया छपरांवर चढताहेत, बाजार ओस पडला. मांडा फिरत फिरत गेला तो थेट राजाच्या ताटात उतरला. गरम, मऊ, तुपाची धार तेवढी सोडायची बाकी.

राजानं एक घास खाल्ला. डोळे मिटले. दुसरा घास खाल्ला. म्हणाला, "ही बाई कोण? तिला पालखीतून आणा!"

अशी वाहवाबाई सुपडीकडे राहायला आली. मग काय विचारता! मायला पक्कं घर मिळालं, कणगी भरली, दूधदुभतं झालं. मायच्या डोळ्यांना औषध मिळालं, हेही खरं. वाहवाबाईनं काही दिलंच नाही असं म्हणू नये, तिनं भरपूर दिलं. पण ती पलंगावर आडवी व्हायची नि सुपडी खाली जमिनीवर निजायची. पाहुणे यायचे ते उडणारा मांडा बघायला. सुपडीनं जेवण केलं का, हे कुणी विचारायचं नाही. आणि सकाळ झाली की पलंगावरून आवाज यायचाच, "आज नवीन काय?"

मग एक दिवस वाहवाबाई म्हणाली, "नगरात झालं तुझं नाव. आता राज्यभर व्हायला हवं. पण सुपडी हे काय नाव आहे? राजा तुला पदवी देतोय, ती घे." आणि भर दरबारात सुपडीला नवीन नाव मिळालं. काय नाव, माहीत आहे? पवनपाकेश्वरी! म्हणून बघा. पवन... पाके... जीभ अडखळली ना? अहो, राजाचीसुद्धा अडखळली. त्या दिवसापासून सुपडीला सुपडी म्हणायची मनाई झाली. दवंडीच पिटली तशी.

सुपडीला ते नाव नको होतं. पण ती मनाला म्हणाली, जाऊ दे, अक्कासाठी हेही करू.

राज्यभर नाव झालं. दूरदूरची माणसं गाड्या जुंपून आली. सुपडी प्रत्येक बाईचे डोळे बघायची. पण त्यांतली एकही तिची अक्का नव्हती.

मग आली आखाजी. वाहवाबाई म्हणाली, "या आखाजीला तीन देशांचे तीन राजे जेवायला येताहेत. तू वाड्यावर राहायचं. घरी जायचं नाही."

"आखाजीला मी मायजवळ असते, बाई. झोका असतो आमचा."

"झोका दर वर्षी असतो. तीन राजे दर वर्षी येतात का? हे एक जमलं की समुद्रापर्यंत नाव जाईल तुझं." समुद्रापर्यंत, हे ऐकून सुपडीचं मन वळलं. एवढं केलं, तर आता एका आखाजीनं काय होतं? ती वाड्यावर राहिली.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी मुदपाकखान्यात मिठाच्या गोण्या आल्या. तांड्याचा नाईक बैल सोडून बसला होता. सुपडीनं त्याला मांडा वाढला. त्यानं तो उलटसुलट केला नि म्हणाला, "बाई, तुमच्या मुलखात डोळा पाडलेला मांडा कुणी करतं का हो?"

सुपडीच्या हातातलं तुपाचं भांडं खाली पडलं. "का?"

"समुद्रकाठी मिठागरात एक बाई आहे. इकडून जो कुणी जाईल त्याला विचारते, डोळ्याचा मांडा कुठं करतात, आणि सुपडी नावाची कुणी मुलगी आहे का. मागच्या खेपेला मी इथल्या बाजारात चौकशी केली. सगळे म्हणाले, इथं सुपडी-बिपडी कुणी नाही. इथं पवनपाकेश्वरी आहे, नि तिच्या मांड्याला डाग नाही की भोक नाही. तसं मी तिला सांगितलं. फार रडली हो. म्हणाली, आता नाही विचारणार कुणाला. पावसाळ्याआधी त्यांची माणसं गलबतानं बेटावर जायची आहेत, कायमची. तीही जाईल."

ऐकताय ना? अक्का विचारत होती. वर्षानुवर्षं विचारत होती. आणि सुपडीच्याच मोठ्या नावानं तिला सांगितलं होतं, सुपडी नाही म्हणून. सुपडी तिथं चुलीसमोर बसून रडली. रडायलाच हवं होतं. पण थोडंच रडली हं. मग डोळे पुसले नि पदर खोचला.

"नाईक, माझा निरोप न्याल? मीच सुपडी."

नाईक हळहळला. "अगं पोरी! मी आता उत्तरेला निघालोय. परतायला वर्ष लागेल. त्याच्या आत समुद्र गाठायचा तर घोडा हवा."

सुपडी धावत राजाकडे गेली. "महाराज, मला एक घोडेस्वार द्या. सुपडी इथं आहे एवढंच माझ्या बहिणीला सांगायचं आहे."

राजा आरशात फेटा बघत होता. "सुपडी कोण?"

"मी, महाराज."

"तू तर पवन... ते हे ना! आणि घोडे सगळे पाहुण्यांच्या स्वागताला गेले. सण होऊ दे, मग बघू." आणि त्यानं फेटा पुन्हा बांधायला घेतला. तो वाईट नव्हता हो. पण त्याला तिचं खरं नाव कधी ऐकूच गेलं नव्हतं.

मग सुपडी वाहवाबाईकडे गेली. "बाई, तुम्ही मला समुद्रापर्यंत नेणार ना? मग माझं खरं नाव न्या. आणि डोळ्याचं सांगा."

वाहवाबाई केसांत फुलं माळत होती. "छे. ते जुनं. मी जुनं सांगत नाही. आणि मला घाई नाही गं, मी पालखीतून जाते. समुद्रापर्यंत पोचायला दिवाळी उजाडेल."

"तुमच्यापेक्षा लवकर कुणी पोचत नाही का?"

वाहवाबाईनं नाक मुरडलं. "आहे एक. माझी धाकटी बहीण, फजिती. नाव काढू नकोस तिचं. अनवाणी पळते, केस मोकळे, लाज नाही. मी वेस ओलांडेपर्यंत ती दहा गावं हिंडून आलेली असते. ती एकदा कुणाच्या घरात शिरली की मी त्या घरात पाणीसुद्धा पीत नाही."

"अस्सं," सुपडी म्हणाली. आणि चुलीकडे वळली. पण तुम्हाला कळलं ना तिच्या मनात काय आलं ते? कळलं नसेल तर गप्प पडून राहा, आत्ता कळेल.

आखाजीचा दिवस. चौकात मांडव घातलेला. तीन राजे बसले, त्यांच्या राण्या बसल्या, सगळं नगर सभोवती उभं. चांदीच्या वाट्यांतून आमरस. मधोमध चूल नि खापर. सुपडी आली. वाहवाबाई मिरवत तिच्या मागं. सुपडीनं उंडा घेतला, हातांवर झेलला. मांडा फिरला, वाढला, इतका पातळ झाला की त्यातून सूर्याची टिकली दिसली. लोकांनी श्वास रोखला. तिनं तो खापरावर टाकला. वाहवाबाईनं फुंकर मारली. मांडा उठू लागला.

क्षणभर सुपडीचा हात अडला. घर जाणार, पालखी जाणार, हे तिला ठाऊक होतं. हसतील, बोटं दाखवतील, हेही ठाऊक होतं. तिला ते नको होतं बरं का. कुणाला हवं असतं? पण तिला त्याहून मोठं काही हवं होतं. तिनं अंगठा पुढं केला नि उठत्या मांड्याच्या मधोमध डोळा पाडला.

आणि काय झालं? मांडा वर गेला, डुगडुगला, त्याच्या डोळ्यातून फुस्सकन वारा निघाला, आणि तो आला तो पच्चकन सगळ्यात मोठ्या राजाच्या आमरसात! रस उडाला दाढीवर, मिशीवर, फेट्यावर. राणीच्या नथीतून रस ठिबकू लागला. मग एक पोर फिसकन हसलं. मग सगळा मांडव हसू लागला. "पवनपाकेश्वरी पडली! आमरसात पडली!"

सुपडी चुलीच्या ओट्यावर चढली. कान लाल झाले होते तिचे, पण आवाज हलला नाही. "मी पवनपाकेश्वरी नाही! मी वेशीबाहेरची सुपडी. मायची लेक. आणि माझ्या मांड्याला डोळा आहे! हसायचं तेवढं हसा, पण सांगताना नीट सांगा, सुपडीच्या मांड्याला डोळा आहे!"

तोच गर्दीतून एक पोरगेली बाई आली, अनवाणी, केस मोकळे. पोट धरून धरून हसत होती. तीच फजिती. तिनं सुपडीकडे पाहून डोळे मिचकावले नि जी पळत सुटली, ती वेशीतून बाहेर.

नगराचा राजा लालेलाल झाला. त्यानं घर काढून घेतलं, पालखी काढून घेतली, पदवी काढून घेतली. ते एक मात्र बरंच झालं. आणि वाहवाबाईनं शालू सावरला, नाक दाबलं नि निघून गेली. कुणाकडे माहीत आहे? एका माणसाच्या मिशीवर म्हणे लिंबू उभं राहायचं. त्याच्याकडे.

सुपडी चालत झोपडीत आली. मायनं झोका बांधून ठेवलाच होता. सुपडीनं सगळं सांगितलं नि विचारलं, "माय, रागावलीस? आता औषध नाही, दूध नाही."

मायनं तिचे भाजलेले हात आपल्या हातांत घेतले. "डोळा पाडलास ना? मग मला पुष्कळ दिसेल." आणि म्हणाली, "हा झोका आता सोडायचा नाही. आखाजी सरली तरी."

इकडे नगर हसलं थोडे दिवस. सुपडी पाण्याला गेली की पोरं ओरडायची, "आमरस, आमरस!" तिला लागायचं, पण ती घागर भरून घरी यायची, मांडे करून विकायची, आणि प्रत्येक मांड्याला डोळा पाडायची. मग हसणंही थांबलं. लोक तिला विसरूनच गेले. सगळे लिंबाची मिशी बघायला जात होते ना!

आणि फजिती? ती कसली थांबते. या हाटातून त्या हाटात, या पाणवठ्यावरून त्या पाणवठ्यावर. गाडीवान हसले, नावाडी हसले. हसत हसत ती पोचली समुद्रावर. गलबताला शीड चढत होतं. एक बाई फळीवर पाय ठेवून वर चढत होती. मागं हमाल खिदळत होते. "अरे, ऐकलंस का? त्या राजाच्या नगरातली पवनपाकेश्वरी म्हणे वेशीबाहेरची कुणी सुपडी निघाली, तिनं मांड्याला डोळा पाडला नि राजाला रसानं न्हाऊ घातलं!"

त्या बाईनं फळीवरून पाय मागं घेतला.

आता मिटताहेत का डोळे? थोडंच राहिलंय. ऐका.

आभाळ भरून येऊ लागलं होतं. नगराच्या वेशीत एक बाई आली. धुळीनं माखलेली, कडेवर एक मूल, मागं नवरा गाठोडं घेऊन. मोठ्या नावानं घर लवकर सापडेल असं वाटून तिनं पहारेकऱ्याला विचारलं, "भाऊ, राजाला मांडे करून घालायची ती पवनपाकेश्वरी कुठं राहते?" तो म्हणाला, "कोण? आम्ही नाही ऐकलं." बाजारात विचारलं. बाजार म्हणाला, "मिशीवाला हवा का? तो तिकडे." विहिरीवर विचारलं. तिथं खंडू पहिलवान पाणी ओढत होता. तो म्हणाला, "ताई, असली मोठी नावं माझ्या ध्यानात राहत नाहीत."

दुसरी असती तर परत फिरली असती. पण तीही मायचीच लेक. तिनं पदर खोचला नि म्हणाली, "मग सुपडी? सुपडी तरी ठाऊक आहे?"

खंडूनं दोर सोडून दिला. "सुपडी होय! माझ्या पडत्या काळात तिनं मला मांडे घातलेत. चला, मी दाखवतो घर."

सुपडी चुलीपाशी होती. झालेले मांडे दारातल्या बाजेवर गार व्हायला पसरले होते. तिला वाटलं, गिऱ्हाईक आलं. तिनं वळून पाहिलं. दारात कुणीतरी तोंडासमोर मांडा धरून उभं होतं. चेहरा दिसत नव्हता. फक्त मधोमध, मांड्याच्या डोळ्यातून, एक डोळा दिसत होता. पाण्यानं भरलेला.

"दिसली का गं?"

सुपडीच्या हातातला उंडा गळून पडला. तिला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो अगदी लहान मुलीचा.

"दिसली!"

मग काय, किती रडल्या नि किती हसल्या ते मी सांगत बसत नाही. मायनं तर धुरपाचं तोंड हातांनी चाचपून चाचपून पाहिलं. आणि तिघी कडुनिंबाखाली गेल्या. एका कडेला सुपडी, मधे माय, आणि रिकाम्या कडेला धुरपा. खंडूनं झोका असा दिला की फांदी करकरली.

तेवढ्यात वाटेवरून छुमछुम आवाज आला. मिशीवाल्याचं लिंबू पडलं होतं, वाहवाबाई नवं घर शोधत निघाली होती. झोका बघून थांबली. सुपडीला तिनं ओळखलं नाही बरं का. सगळ्यांना विचारते तसंच विचारलं, "काय गं, आज नवीन काय?"

सुपडीनं बहिणीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. म्हणाली, "काही नाही बाई. सगळं जुनंच आहे."

वाहवाबाई पुढं निघून गेली. आणि झोका किती तरी वेळ चालत राहिला. त्या तिघी, धुरपाचा नवरा नि मूल, सगळे त्या घरात सुखानं राहिले, मांडे करून खाल्ले, खाऊ घातले. आणि आता तुमच्या पायांचाही झोका थांबवा. मनू झोपला वाटतं. चला, एक डोळा मिटा. आता दुसरा.